ओला सरस

आमच्या घराची एक भिंत बाराही महिने गरम असायची. मँचेस्टरच्या त्या गल्लीत बाकी सगळ्या भिंतींना ओल होती. वॉलपेपर सुटून लोंबायचा, कपाटातल्या चपलांवर बुरशी धरायची. पण मागच्या खोलीची डावी भिंत कोरडी, कारण तिच्या पलीकडे शेजारच्या चिनी लाँड्रीची कपडे वाळवायची खोली होती. माझी बायको पिठाचा डबा, मसाला, आगपेट्या, सगळं त्या भिंतीला लावून ठेवायची.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. मुंबईला भायखळ्यात राहायचो. मी एका मिलच्या वर्कशॉपमध्ये पॅटर्नमेकर होतो, म्हणजे लोखंडाचा भाग ओतायच्या आधी त्याचा लाकडी नमुना करणारा सुतार. साठचं दशक निम्मं सरत आलं तेव्हा आम्ही दोघं इंग्लंडला आलो. इथल्या फाउंड्रीने मला कागदावर पॅटर्नमेकर म्हणूनच घेतलं, पण फोरमनने पहिल्या दिवशी हातात हातोडी दिली आणि खोकी ठोकायला बसवलं. "तुमच्याकडची पद्धत वेगळी," तो म्हणाला, "आधी बघ, शीक." ते बघणं तीन वर्षं चाललं. सुताएवढा फरक डोळ्याने ओळखणारा माणूस मी, दिवसभर खोक्यांना खिळे मारायचो आणि संध्याकाळी बायकोशी विनाकारण भांडायचो.

लाँड्रीवाले एकटेच राहायचे. साठीच्या पुढचे, उंच, खांद्यातून वाकलेले. कॉलर आणि चादरी धुऊन, खळ घालून, इस्त्री करून द्यायचे. चीनशी लढाई होऊन फार वर्षं झाली नव्हती. बायकोने तेव्हा आपल्या दोन बांगड्या संरक्षण निधीला दिल्या होत्या. "अहो, त्या चिन्याकडे कपडे टाकू नका हं," ती म्हणायची. पण पीठ मात्र त्याच्याच भिंतीला ठेवायची.

एका हिवाळ्यात त्यांनी आमचं दार ठोठावलं. वाळवायच्या खोलीतली लाकडी घडवंची मोडून ओल्या चादरींसकट खाली आली होती. मी सुतार आहे हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. मी हत्यारं घेऊन गेलो आणि तासाभरात सांधा जोडून दिला. त्यांनी सांध्यावरून अंगठा फिरवला, मग नखाने फट शोधली. ती सापडली नाही. त्या दिवसापासून ते मला "कार्पेंटर" म्हणायला लागले. शेवटपर्यंत दुसरी हाक मारली नाही.

त्या खोलीत खिळ्याला एक लोखंडी पट्टी टांगलेली होती. तिच्या कडेला बारीक, एकसारखे दात होते. करवतीचे नव्हेत, कंगव्याचे म्हणावेत असे. मी ती हातात घेतली.

"हे कशाला?"

त्यांनी डावा हात समोर ताठ धरला आणि उजव्या हाताने कानापर्यंत काहीतरी ओढलं.

इंग्रजी त्यांचंही मोडकं आणि तेव्हा माझंही. थोडं थोडं करून कळलं ते असं. त्यांचे वडील, काका, आजोबा पेकिंगला धनुष्यं करायचे. गल्लीभर धनुष्यवाल्यांचीच दुकानं होती. मग बंदुका आल्या, गिऱ्हाईक गेलं, दुकानं एकेक करून बंद पडली. हे विशीत घराबाहेर पडले, जहाजावर कोळसा ओढत लिव्हरपूलला उतरले आणि कपडे धुऊ लागले. मोठा भाऊ मात्र तिकडेच राहिला आणि धनुष्यं करत राहिला. बायको-मुलांबद्दल त्यांनी कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

वर्षभराने भावाकडचं पत्र आलं, पण भावाच्या हातचं नव्हतं. भाऊ गेला होता. तिकडे जुनं ते सगळं मोडायची धुमाळी चालली होती, तिच्यात पोरांनी दुकानात शिरून फर्मे, हत्यारं, सगळं रस्त्यावर आणून पेटवलं होतं. मी इस्त्रीच्या टेबलापाशी उभा होतो. त्यांनी पत्र घडी करून खळीच्या डब्याखाली ठेवलं आणि पुढची कॉलर घेतली. ती संपल्यावर दोन्ही हात माझ्यापुढे धरले. सोड्याने चिरलेले, बोटांची पेरं सुजून वाकडी झालेली.

"डोक्यात आहे," ते म्हणाले. "हात नाहीत. तू कर. मी सांगतो."

मी लगेच हो म्हणालो. त्यांच्यावर उपकार म्हणून नाही. मला काम हवं होतं, खरं काम.

सामान जमवायलाच तो हिवाळा गेला. बांबू बागेच्या दुकानातला चालेना, बारीक पडायचा. शेवटी गालिचे विकणाऱ्याच्या दुकानामागे मिळाला. परदेशातून गालिचे येत ते जाड बांबूवर गुंडाळलेले असत आणि दुकानदार तो बांबू फेकून देई. शिंगं शेफिल्डहून आणली. तिथे सुऱ्यांच्या मुठींसाठी म्हशीची शिंगं यायची, तीही आपल्याच देशातून. लाँड्रीवाल्यांनी पोतंभर शिंगं उलटीपालटी करून चारच निवडली. धनुष्याच्या प्रत्येक हाताला, म्हणजे मुठीच्या वरच्या आणि खालच्या अर्ध्या भागाला, आतल्या बाजूने शिंगाची एक सलग पट्टी लागते, त्यात जोड चालत नाही. टोकांना तुतीचं लाकूड हवं होतं, ते मिळालं नाही. मी इथल्या ॲश झाडाचं वापरलं. ते नाक मुरडून म्हणाले, "चालेल. चांगलं नाही. चालेल."

सरस म्हटला की आम्ही सुतार कातड्या-हाडांचा समजतो. यांना माशाच्या पोटातल्या फुग्याचा हवा होता. बियर निवळायला इथे तोच वापरतात, म्हणून एका ब्रुअरीतल्या ओळखीच्या माणसाकडून वाळवलेल्या फुग्यांची पिशवी आणली. भिजवायचा, मंद आचेवर शिजवायचा, खलात कुटायचा, पुन्हा शिजवायचा. उकळी आली की त्यांचा आवाज चढायचा, कारण उकळला की त्याची पकड जाते.

सगळ्यांत कठीण गेलं ते शिरांचं. धनुष्याच्या बाहेरच्या बाजूला बैलाच्या पायाची, टाचेवरची जाड पांढरी शीर लागते. मी कत्तलखान्यातून बादलीभर आणल्या. बायको दारात आडवी उभी राहिली.

"मागच्या पायाची शीर? माझ्या घरात?"

आमच्यात मागच्या पायाची शीर खायला बंदी आहे. माझी सासू मटण साफ करताना ती ओढून काढून बाजूला टाकायची.

"खायला नाही आणली," मी म्हणालो.

"माहीत आहे मला. तरी नको. यार्डात धुवा, आणि ती बादली पुन्हा आत आणू नका."

मी यार्डातल्या नळाखाली गारठलेल्या हातांनी चरबी खरवडली. वाळल्यावर शिरा काचेसारख्या कडक झाल्या. मग लाकडी मोगरीने ठोकून ठोकून त्यांचे धागे सुटे करायचे आणि केसांच्या साध्या कंगव्याने विंचरायचे. रविवारी सकाळपासून दुपारपर्यंत बसलो तर मूठभर धागे व्हायचे.

दर रविवार असा जाऊ लागला. ते उलट्या ठेवलेल्या टबावर बसायचे, मी जमिनीवर. बांबूची पट्टी मी सात आठवडे तासत होतो. झाली असं मला तिसऱ्या आठवड्यात वाटलं होतं. ते डोळे मिटून पट्टी दोन्ही हातांत घेऊन वाकवायचे आणि एका जागी बोट ठेवायचे. "इथे. एक वेळा." म्हणजे खरवडणीचा एकच हात. दोन मारले तर ते माझ्या मनगटावर चापट मारायचे आणि पट्टी फेकून द्यायचे. अशा चार पट्ट्या गेल्या. मला राग यायचा. पण सोमवारी खोकी ठोकताना त्या चापटीच आठवायच्या आणि बरं वाटायचं.

दातांची पट्टी कशाला, ते वसंतात कळलं. शिंग आणि बांबू, दोन्हींवर तिने उभ्या बारीक रेघा पाडायच्या, म्हणजे एकाच्या रेघा दुसऱ्यात बसतात आणि सरसाला धरायला जागा मिळते. मग ऊब द्यायची, सरसाचे हात एकावर एक चढवायचे, शिंग बांबूवर बसवून दोरीने आवळायचं. साधं आवळणं पुरत नाही. दोरीचं टोक माझ्या कमरेला बांधून मी पाय भिंतीला टेकून सगळा भार मागे टाकायचा, त्यांनी लाकडी दांड्याने पेच पिरगाळायचा. वेढ्यांमधून सरस बाहेर यायचा. पहिलं शिंग बसलं त्या दिवशी ते हसले. त्यांना पुढचे दोन दात नव्हते, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

उन्हाळ्यात शिरांचे धागे सरसात बुडवून थरावर थर दिले. एक थर वाळला की दुसरा. धनुष्य वाळवायच्या खोलीत चादरींच्या वर टांगलं. वाळता वाळता ते आपोआप उलट्या बाजूला वळायला लागलं, सप्टेंबरात तर दोन्ही टोकं जवळजवळ एकमेकांना भिडली. दोरी चढवायची ती हे सगळं उलटं फिरवून.

"कधी?" मी विचारलं.

"पुढला उन्हाळा जाऊ दे. मग."

"एवढं? आता तर कडक झालंय."

"बाहेरून," ते म्हणाले. त्यांनी माझ्याकडून लाकडाचे दोन वाकडे फर्मे करून घेतले होते. ते दाखवून म्हणाले, "हे पुढल्या वर्षी. दोरी चढवणं वेगळं काम. सगळ्यांत अवघड. तेव्हा शिकवीन. मी सांगेन तेव्हा."

पुढलं वर्ष आलं नाही. आमची सबंध गल्ली राहायला अयोग्य ठरली होती, कौन्सिलची पत्रं दारोदार आली. कोपऱ्यावर नाणं टाकून कपडे धुवायची मशिनं आल्यापासून लाँड्रीचं कामही निम्म्यावर आलं होतं. नोव्हेंबरात एका सकाळी बायकोने पीठ काढायला हात घातला आणि मला हाक मारली, "अहो, भिंत गार आहे."

मी मागच्या दाराने गेलो. ते बॉयलरजवळ फरशीवर पडले होते, डोळे उघडे. उजवी बाजू गेली होती. अर्धी पाटलोण ओली झाली होती आणि डाव्या हाताने ते शर्टाचं टोक ओढून ती झाकायचा प्रयत्न करत होते.

हॉस्पिटल जुनं होतं, पूर्वी तिथे निराधारांना ठेवत. लांबलचक वॉर्ड, दोन्ही बाजूंनी म्हातारे. भेटायला बुधवार आणि रविवार. त्यांचं इंग्रजी पूर्ण गेलं होतं. उरले होते ते त्यांच्या भाषेतले काही शब्द, आणि ते समजणारं तिथे कुणी नव्हतं. "बडबडतो," नर्स म्हणाली. बडबड नव्हती ती. ते काहीतरी विचारत होते, उत्तरासाठी थांबत होते. मला त्यांचा एक शब्द येत नव्हता. दोन वर्षांत मी विचारलाच नव्हता.

बायको मात्र बदलली. ती तांदळाची पेज करून टॉवेलात गुंडाळून बसने घेऊन जायची आणि चमच्याने भरवायची. "सावकाश, काका," असं मराठीतच बोलायची. ते खायचे.

धनुष्य मी आमच्याकडे आणलं. लाँड्री बंद, बॉयलर थंड. आठवड्यात त्या खोलीच्या छताला पाणी सुटलं. आमच्याकडे एक कोळशाची शेगडी. धनुष्य तिच्याजवळ टांगलं, पण दिवसा आम्ही दोघं कामावर, शेगडी विझलेली. जानेवारीत त्याची टोकं थोडी उघडली. ओल परत आत शिरत होती. मला ते दिसत होतं, आणि मी स्वतःला सांगत होतो की हवेचा फरक आहे.

फेब्रुवारीत वॉर्डच्या सिस्टरने मला बाजूला घेतलं. "तुम्ही जवळचे ना? छाती भरलीय त्यांची. फार दिवस निघतील असं वाटत नाही."

बसमध्ये मी ठरवलं. दोरी चढवलेलं धनुष्य त्यांना दाखवायचं. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्यांना एकदा विचारून घ्या."

"काय विचारू? बोलता येतं का त्यांना?"

"मान हलवता येते की."

मी विचारलं नाही. ते मान कुठल्या बाजूला हलवतील हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून विचारलं नाही. आज लिहिताना मला हेही दिसतं की ते धनुष्य मला त्यांच्यासाठी पुरं करायचं नव्हतं. तीन वर्षं खोकी ठोकून झाल्यावर काहीतरी पुरं झालेलं मला बघायचं होतं.

शनिवारी अंधार पडल्यावर शेगडी लाल केली. धनुष्य शेकलं, फर्मे अंदाजाने बांधले, बायकोने एक टोक गुडघ्याने दाबून धरलं. ते थोडं थोडं करून उलटं फिरलं. दोरी खाचेत बसली तेव्हा आम्हा दोघांना धाप लागली होती. मी फर्मे सोडले. धनुष्य उभं राहिलं. दोन्ही बाजू सारख्या, टोकं पुढे झुकलेली. बायको म्हणाली, "अगं बाई, काय सुंदर आहे हो."

मग वरचा हात हळूच एका अंगाला वळायला लागला, झोपेत माणूस कूस बदलतो तसा. तो सरळ करायला मी पकडला आणि दाबला. फळी फुटल्यासारखा आवाज झाला. शिंगाची पट्टी बांबूवरून सुटली, बांबू मधोमध फाटला आणि शिंगाचं टोक माझ्या भुवईवर लागलं. बायको ओरडली. मला आधी रक्त कळलं नाही. मी तुटलेली जागा बघत होतो. तिथे सरस पिवळा, चिकट होता. ओला.

भुवईला पाच टाके पडले. रविवारी जायचं की नाही यावर आमचा वाद झाला. मी ठरवलं की जायचं, आणि अजून वाळतंय असं सांगायचं. त्यांना कळण्याइतपत हातवारे मला करता येत होते.

त्यांनी माझ्या भुवईवरची पट्टी बघितली आणि बघतच राहिले. मग डावा हात ताठ केला, जमेल तेवढा, आणि माझ्याकडे पाहिलं. मी खोटं बोलायला हात उचलला आणि तो तसाच खाली आला. हो, धनुष्यानेच, अशी मी मान हलवली.

त्यांनी तळवा पुढे केला. आण.

बुधवारी मी शिफ्ट बुडवून उशीच्या अभ्र्यात तुकडे घेऊन गेलो. त्यांनी ते ब्लँकेटवर मांडून घेतले. डाव्या अंगठ्याने एकेक कड चाचपली. घरात ठेवल्याने सरस अजूनच नरम झाला होता, त्यांचं नख त्यात रुतलं. मग त्यांनी माझं बोट धरलं, तिथे नेलं आणि दाबलं. माझंही नख रुतलं. त्यांनी एक शब्द उच्चारला. पुन्हा उच्चारला. माझ्याकडे बघून, सावकाश, लहान मुलाला शिकवतात तसा, चार-पाच वेळा. मी तो म्हणून दाखवायचा प्रयत्न केला. त्यांनी डोळे मिटले आणि हाताने सगळे तुकडे ब्लँकेटवरून ढकलून दिले. लिनोलियमवर मोठा आवाज झाला. अख्ख्या वॉर्डने वळून बघितलं. मी गुडघ्यावर बसून पलंगाखालचे तुकडे गोळा करत असताना नर्स येऊन मलाच बोलली.

त्यानंतर ते पाच आठवडे होते. मी गेलो की खिडकीकडे तोंड करायचे. बायकोच्या हातून पेज घ्यायचे. एकदा तिने चमचा माझ्याकडे दिला तेव्हा त्यांनी तोंड उघडलं नाही.

एका रविवारी आम्ही गेलो तर त्या पलंगावर दुसरे म्हातारे होते, लालबुंद चेहऱ्याचे, टोस्ट खात होते. लाँड्रीवाले मंगळवारी गेले होते. आम्ही नात्यातले नव्हतो म्हणून कुणी कळवलं नव्हतं. शुक्रवारी कौन्सिलने त्यांना पुरलं होतं. कबरस्तानातल्या माणसाने वहीत बघून जागा दाखवली. चिखल होता आणि एक आकडा लिहिलेली खुंटी. बायकोने एक लहान खडा शोधून त्या मातीवर ठेवला, आमच्याकडे ठेवतात तसा. मी काहीच ठेवलं नाही.

फर्मे, दातांची पट्टी आणि शिरा ठोकायची मोगरी मी पुन्हा त्यांच्या खोलीत ठेवून आलो होतो, घरात बघवत नव्हती म्हणून. त्यांच्या नंतर आणायला गेलो तर लाँड्रीच्या दाराला फळ्या ठोकलेल्या, छप्पर उतरवलेलं, आणि पाडकाम करणारी माणसं अंगणात लाकूडफाटा जाळत होती. मी त्यांना विचारलं. एकाने खांदे उडवले आणि राखेकडे बोट केलं.

आम्हाला उंच इमारतीत फ्लॅट मिळाला. नवा कोरा, आणि पहिल्याच हिवाळ्यात कोपऱ्यांतून काळा. फाउंड्रीत फोरमन बदलला तेव्हा मला अखेर पॅटर्नचं काम मिळालं. चांगलं केलं मी ते.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर एकदा मी पुन्हा बसलो. बांबू, शिंग, शिरा, सगळं जमवलं. दातांची पट्टी स्वतः कापून केली. या खेपेला दोन पूर्ण उन्हाळे जाऊ दिले, इलेक्ट्रिक हीटर लावून. धनुष्य नीट वाळलं, नख रुतेना. पण दोरी चढवताना ते पुन्हा एका अंगाला वळलं, आणि का वळतं, कुठून किती काढायचं, कुठे शेकायचं, हे मला माहीत नव्हतं. इथपर्यंतचं सगळं मला शिकवून झालं होतं, इथून पुढचं नव्हतं. तीन रविवार झटलो. चौथ्या रविवारी ते चिरलं.

बायको समोर बसून शिवत होती. मी तिला विचारलं, "ते तुला माझ्याबद्दल काही बोलले होते का गं? शेवटी शेवटी?"

"त्यांना बोलता कुठे येत होतं?"

"तरी. काही खूण वगैरे?"

तिने दोरा दातांनी तोडला.

"एकदा मी तुमचा विषय काढला होता," ती म्हणाली. "म्हटलं, त्यांना फार वाईट वाटतंय हो काका. कळलं असावं त्यांना. चमचा बाजूला सारला. त्या दिवशी काही खाल्लंच नाही त्यांनी. मग मी पुन्हा नाही काढला."

"मला सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं होतं?" ती म्हणाली, आणि उठून कुकर लावायला गेली.

मी तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळले, लिफ्टने खाली नेले आणि कचऱ्याच्या मोठ्या डब्यात टाकले. तिसरं धनुष्य मी केलं नाही.